फिरत्या घरातील वीज

स्विंडन हे नाव गोव्यातील आणि आमच्या सीमाभागातील ख्रिस्ती घरांत आता परके राहिलेले नाही. एके काळी मुंबई, कराची, नैरोबी ही नावे ज्या सहजतेने आपल्या ओसरीवर उच्चारली जात, त्याच सहजतेने आज "धाकटा स्विंडनला असतो" असे सांगितले जाते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविता येते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या नागरिकत्वावर तेथे जाऊन राहण्याची मुभा होती, आणि त्या वाटेने पुष्कळ कुटुंबे ह्या गावी येऊन स्थिरावली. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्यांपैकीच एक. अक्काला आम्ही खानापूर तालुक्यातून गोव्यात दिली. तिच्या यजमानांचे, म्हणजे आमच्या दाजींचे, सारे आयुष्य मालवाहू बोटींवर गेले. आणि मुलगा स्विंडनच्या एका गुदामात रात्रपाळी करतो. २०२३ च्या सप्टेंबरात अक्का, दाजी आणि मी असे तिघेजण त्याच्याकडे तीन आठवडे जाऊन राहिलो.

लंडनच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर हे गाव आहे. ते वाढले रेल्वेमुळे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना येथे १८४३ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. आता त्याच्या एका इमारतीत संग्रहालय आहे व इतर इमारतींत दुकाने आहेत. गावात एक चौक असा आहे की, एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान वर्तुळे काढून त्यांतून गाड्या सोडल्या आहेत. १९७२ पासून तो तसाच आहे आणि तेथे कोणी कोणावर आदळत नाही, हे पाहून मला आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या बसस्थानकासमोरील चौकाची आठवण झाली. असो.

भाच्याने आम्हांस विमानतळावरून आणले तेच मुळी आपल्या फिरत्या घरातून. २०११ साली तयार झालेली, सामान वाहण्याची एक उंच व्हॅन त्याने जुन्या बाजारात घेतली, आणि सहा महिने रात्रपाळीहून आल्यावर झोप अर्धी करून तिच्यात संसार मांडला. मागच्या अंगास आडवा पलंग, दारापाशी गॅसची शेगडी, छोटे मोरीपात्र, त्याखाली पाण्याची टाकी, एक लहान फ्रीज, आणि ड्रायव्हरच्या आसनामागे बाक, जो रात्री ओढला की बिछाना होतो. ह्या प्रकारच्या गाडीला तिकडे कँपरव्हॅन म्हणतात. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये आपली चौकोनी तोंडाची व्हॅन बाजारात आणली आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या कारखान्याने तिच्यात झोपण्या-राहण्याचे सामान बसविण्यास आरंभ केला; तेव्हापासून युरोपातील मध्यमवर्गाला हा छंद लागला आहे. आपल्याकडे जत्रेला बैलगाडीवर तट्ट्या घालून, आत गवताची गादी करून माणसे चार-चार दिवस जात असत. तोच प्रकार, फरक एवढाच की बैलगाडीत कंदील टांगला की वीजपुरवठ्याचा प्रश्न मिटत असे.

ह्या गाडीतून आम्ही वेल्समधील सेंट डेव्हिड्स येथे जावे, असा भाच्याचा बेत होता, आणि त्यामागे दाजी होते. बोटीवर असताना ते तेलवाहू जहाजांतून मिलफर्ड हेवन ह्या बंदरी अनेकदा आले. १९६० पासून तेथे मोठमोठी तेलवाहू जहाजे लागतात. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाजे जवळच्या सेंट ब्राइड्सच्या उपसागरात नांगर टाकून थांबतात. दाजींनी त्या उपसागरात किती रात्री काढल्या ह्याची गणती नाही. समोर काळे कडे, त्यांवर कोठे कोठे एखादा दिवा. परंतु तेथे पाऊल ठेवण्याचा योग कधी आला नाही. "त्या दिव्याखाली कोण राहतं ते बघायचं होतं," असे ते एकदा मुलापाशी बोलून गेले होते. मुलाने ते मनात ठेवले, आणि सेंट डेव्हिड्सजवळ कायरवायच्या कड्यावर एका शेतकऱ्याचे असे शेत शोधून काढले, जेथून तो सारा उपसागर दिसतो. अडचण एकच होती. सामान्यतः अशा गाड्यांसाठी असलेल्या मुक्कामाच्या जागी विजेचे खांब असतात. तेथे निळ्या रंगाची तीन खुंट्यांची जोडणी लावली की गाडीला २३० व्होल्टची वीज मिळते. ह्या शेतात पाण्याच्या एका नळाखेरीज काही नव्हते.

आता विजेवाचून दोन रात्री काढणे म्हणजे काय मोठेसे, असे वाचकांस वाटेल. आमच्या गावांत पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज नसते. परंतु दाजींना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. झोप लागली की घसा आतून मिटतो, श्वास थांबतो, माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो. असे रात्रभर चालते आणि त्याचा भार हृदयावर पडतो. त्यावर उपाय म्हणून नाकावर मुखवटा बसवून, मंद दाबाने सतत हवा सोडणारे यंत्र रात्री लावावे लागते. दोन वर्षांपूर्वी गोव्यातील डॉक्टरांनी ते दिले, आणि तेव्हापासून दाजींनी घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. अक्का तर त्या यंत्राच्या फुसफुशीशिवाय स्वतःही झोपत नाही. सारांश, गाडीतील दिवे मालवले तर चालण्यासारखे होते. यंत्र बंद पडणे चालण्यासारखे नव्हते.

भाच्याने ह्यासाठी गाडीत दुसरी बॅटरी बसविली होती. मोटारीची नेहमीची बॅटरी वेगळी आणि ही वेगळी. इंजिन सुरू करणारी बॅटरी एका क्षणात प्रचंड झोत देते व मग विश्रांती घेते. तिच्यातील पत्रे पातळ व पुष्कळ असतात. तिच्याकडून रात्रभर थोडे थोडे काम घेतले तर ती लवकरच निकामी होते. घरगुती कामाची बॅटरी जाड पत्र्यांची असते. ती हळूहळू, पुष्कळ वेळ देते. आपल्याकडे घराघरांत इन्व्हर्टरला जी बॅटरी असते तिचीच ही बहीण. १२ व्होल्टची, ११० अँपिअर-तासांची. पण ११० लिहिले आहे म्हणून ११० वापरावयाचे नसतात. शिशाच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक धन वारंवार खर्चिले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी खरे ५५. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या ह्याहून पुष्कळ अधिक देतात, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही विषय बदलला.

निघण्यापूर्वी एक रात्र घरासमोरच, गाडीत झोपून पाहावे असे मी सुचविले. भाच्याला ते फारसे रुचले नाही. "फादर-मामा, सगळं तपासलंय मी," तो म्हणाला. तरी माझा आग्रह त्याने मोडला नाही. दाजी मागच्या पलंगावर आणि मी बाकावर असे आम्ही झोपलो. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. कशाने आली ते प्रथम कळेना. नंतर ध्यानात आले की, फ्रीजचा घरघराट सुरू होता आणि यंत्राची फुसफूस थांबली होती. मागाहून घोरण्याचा एक आवाज आला, तो मध्येच तुटला, आणि मग काहीच ऐकू येईना. मी अंधारात धडपडत जाऊन दाजींना हलविले. मुखवटा तोंडावर तसाच होता, त्यांच्या कपाळावर घाम होता. ते उठून बसले आणि जणू काही झालेच नाही अशा स्वरात म्हणाले, "किती वाजले?"

सकाळी अक्काला हे सांगणे भाग होते. तिने चहाचा कप खाली ठेवला. "नको ते जाणं," एवढेच बोलून ती आत गेली. भाचा गाडीपाशी उभा राहून बॅटरीवरचा आकडा पुन्हा पुन्हा पाहत होता. बॅटरी भरलेली होती! तिच्यात काही खोट नव्हती. त्याचा चेहरा पाहून मला वाटले, मी ती तालीम सुचविली नसती तर बरे झाले असते. आणि पुढच्याच क्षणी त्या विचाराची मलाच लाज वाटली.

शेजारी एक गृहस्थ राहतात. वय साठ. सोळाव्या वर्षी, १९७९ मध्ये, ते रेल्वेच्या कारखान्यात वीजकामाची उमेदवारी करू लागले आणि कारखाना बंद पडल्यावर इतरत्र तेच काम करीत निवृत्तीला आले. कुंपणावरून त्यांनी आमची शोकसभा पाहिली असावी. हातात मीटर घेऊनच ते आले. त्यांनी प्रथम बॅटरीच्या टोकांवर मीटर धरला : १२.४. मग यंत्र जेथे जोडले जाते त्या मागच्या सॉकेटात धरला : तेथेही १२.४. भाच्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. "आता यंत्र चालू करा," ते म्हणाले. आकडा ११.६ वर आला. "आता फ्रीज चालू होऊ द्या." फ्रीजचा मोटर गुरगुरला आणि आकडा अकराच्याही खाली उतरला, यंत्राने एक क्षीण शीळ घातली आणि ते बंद पडले. रात्री जे घडले ते आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडले. बॅटरीपाशी मात्र अजून १२.३ होते.

मग एवढा दाब गेला कोठे? तो तारेत गेला. विहिरीवर पंप चांगला असला, पण शेताच्या टोकापर्यंत अर्ध्या इंचाची नळी नेली, तर शेवटच्या वाफ्याला पाणी कसे पोचते, हे ज्याने शेती केली आहे त्याला सांगावयास नको. भाच्याने यंत्र आणि फ्रीज दोन्ही एकाच तारेवर घेतले होते, आणि ती तार होती एक चौरस मिलिमीटर जाडीची. जाण्याचे पाच मीटर आणि परत येण्याचे पाच मीटर, अशी दहा मीटर तार. घरातील २३० व्होल्टच्या विजेत ह्या तारेने कोणाचे काही बिघडले नसते, कारण तेथे एखाददुसरा व्होल्ट गळाला तर कळतही नाही. परंतु मुळात बाराच असतील तर दीड व्होल्टची गळती म्हणजे आठवा हिस्सा गेला. शिवाय त्याच कामाला १२ व्होल्टवर सुमारे वीसपट प्रवाह लागतो. दाब कमी तेथे तार जाड हवी. घरची तार बारीक असते म्हणून गाडीची त्याहून बारीक चालेल हा समज उलटा आहे. यंत्रासाठी स्वतंत्र, सहा चौरस मिलिमीटरची तार टाकली तर ही गळती दीड व्होल्टवरून ०.१५ व्होल्टच्या आत येते, असा हिशेब त्यांनी माझ्याच वहीत मांडून दाखविला.

येथवर सर्व ठीक होते. हा दोष त्रासाचा होता, अपराधाचा नव्हता. पण नंतर त्यांनी फ्यूजची पेटी उघडली आणि ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मोटारीतील चपट्या फ्यूजना रंग असतात : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. त्या बारीक तारेच्या घरात हिरवा फ्यूज होता. त्यांनी तो चिमटीत धरून उपसला आणि भाच्यासमोर केला. भाचा म्हणाला, "लाल लावला होता. एकदा बारा व्होल्टची किटली लावली तर उडाला. म्हणून मोठा घातला."

"फ्यूज किटलीसाठी नसतो," ते शांतपणे म्हणाले, "तारेसाठी असतो. तार जेवढे सोसू शकते त्याच्या आत तो तुटला पाहिजे. तुम्ही पहारेकऱ्याला झोपेचे औषध दिलेत."

आणखी पुढे पाहिले तर बॅटरीपासून ह्या पेटीपर्यंत येणारी जाड मुख्य तार होती, तिला फ्यूजच नव्हता. पेटीत फ्यूज आहेत, मग वाटेत आणखी कशाला, असा भाच्याचा विचार. ती तार मागच्या पलंगाखालून, पत्र्याच्या एका भोकातून जात होती. भोकाला रबरी कडे बसविलेले नव्हते. सहा महिन्यांच्या हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेने तारेवरचे आवरण इतके घासले होते की, तांबे दिसू लागण्यास फार तर नखाएवढा पापुद्रा उरला होता. बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक तिला खेळणे समजतात. पण ती बॅटरी धनाकडून ऋणाकडे थेट वाट मिळाली तर एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते. तार लाल होते, वरचे आवरण पेटते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर बॅटरी संपेपर्यंत किंवा तार वितळेपर्यंत हे थांबविणारे कोणी नसते. गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणजे त्या धारेला उघडे तांबे लागण्याचा अवकाश होता. त्या भोकाच्या बरोबर वर दाजींची उशी होती.

भाचा खाली बसला. त्याने कोणाशी वाद घातला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सगळं काढू का?" आणि शेजारी म्हणाले, "सगळे नको. चुकले तेवढेच. बाकीचे हात चांगले आहेत तुमचे." हे वाक्य त्यांनी दयेपोटी म्हटले नाही असे मला वाटते, कारण पुढील दोन दिवस प्रत्येक जोड ओढून पाहताना त्यांनी दया मुळीच दाखविली नाही.

ते दोन दिवस मी मदतनीस होतो. प्रथम त्यांनी मला मनगटावरील धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावयास लावले. मग बॅटरीचे ऋण टोक आधी सोडले, धन नंतर. जोडताना उलट, धन आधी आणि ऋण शेवटी. कारण ऋण जोडलेले असताना धन टोकावरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर तो पाना राहत नाही, वेल्डिंगची कांडी होतो. मुख्य तारेवर, बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत, मोठा फ्यूज बसविला. तो जितका जवळ, तितकी राखण नसलेली तार आखूड. पत्र्यातील प्रत्येक भोकाला रबरी कडे घातले. घासलेली तार फेकून नवी घेतली. पिळून टेप गुंडाळलेले जोड एकूण अकरा सापडले. ते सर्व कापून त्यांच्या टोकांना पक्कडीने लग दाबून बसविले, कारण गाडी म्हणजे चाकांवर चाललेला भूकंप. पिळलेला जोड तेथे महिन्यात सैल होतो, सैल जोड तापतो. यंत्राला स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र लाल फ्यूज मिळाला. फ्रीजला त्याचा वेगळा. बॅटरी ज्या पेटीत होती तिला बाहेर उघडणारी नळी आधीच होती, कारण भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ते भाच्याने बरोबर केले होते आणि शेजाऱ्यांनी तसे बोलूनही दाखविले. त्या दिवशी तो प्रथमच पोटभर जेवला.

इन्व्हर्टर लावून बाराचे २३० करावे आणि यंत्र घरच्याप्रमाणेच चालवावे, अशी एक सूचना मी केली होती. त्यावर उत्तर मिळाले की, यंत्राला आत शेवटी कमी दाबाचीच वीज लागते. मग घाट चढून पुन्हा उतरण्यात इंधन कशाला जाळावयाचे? बाराच व्होल्टवर चालणारी त्या यंत्राची जोडणी मिळते, ती वापरावी. माझा सेमिनारीपूर्वीचा पदार्थविज्ञानाचा अभ्यास येथेच संपला.

बॅटरी भरण्याची व्यवस्था मात्र चांगली होती. इंजिन चालू झाले की एक रिले दोन्ही बॅटऱ्या जोडून देतो; इंजिन थांबले की त्या वेगळ्या करतो, जेणेकरून रात्री फ्रीजने कितीही खाल्ले तरी सकाळी गाडी सुरू करण्यापुरते पहिल्या बॅटरीत शिल्लक राहते. अलीकडच्या गाड्यांत इंजिनावरील अल्टरनेटर इंधन वाचविण्यासाठी आपला दाब स्वतःच कमी-जास्त करतो, आणि तेथे असा साधा रिले पुरत नाही, निराळा चार्जर लागतो. आमची गाडी जुनी, म्हणून तिचे साध्यावर भागले. छपरावर शंभर वॅटचे सौर पटल होते. शंभर वॅट म्हणजे शंभर वॅट मिळतात असे मात्र कोणी समजू नये. वेल्सचा सप्टेंबर पाहिल्यावर तर मुळीच नाही.

शेवटी अक्कापुढे हिशेब मांडावयाचा होता. तिला व्होल्ट समजत नाहीत, पण महिन्याचा बाजार समजतो. यंत्रात हवा ओली करणारे एक तापते पाण्याचे भांडे असते. ते चालू ठेवले तर तासाला सुमारे ५ अँपिअर, आठ तासांचे ४०. फ्रीजचे रात्रीत १२, दिव्यांचे ४, फोनचे ४, पाण्याच्या पंपाचा १. बेरीज ६१. आणि घरात आहेत ५५. "उधारी झाली," अक्का म्हणाली. ते भांडे बंद ठेवले तर यंत्र तासाला २ वर भागते, म्हणजे १६, बेरीज ३७. भांडे बंद ठेवणे चालेल का, हे गोव्यातील दवाखान्यात फोन करून विचारले; चार दिवस नाक कोरडे पडेल, त्यापलीकडे काही नाही, असे उत्तर आले. मग दाजी पुन्हा दोन रात्री घरासमोर गाडीत झोपले. ह्या वेळी अक्का स्वतः बाकावर होती, आणि मला खात्री आहे की पहिल्या रात्री तिने डोळा मिटला नाही. दुसऱ्या सकाळी तिने डबे भरावयास घेतले.

स्विंडनहून सेंट डेव्हिड्स सुमारे तीनशे किलोमीटर. सेव्हर्न नदीच्या मुखावरील १९९६ च्या पुलावरून वेल्समध्ये शिरावे लागते. येथला पथकर २०१८ च्या डिसेंबरात उठला. ओहोटीची वेळ होती आणि पुलाखाली नदीऐवजी तांबूस चिखलाची विस्तीर्ण पठारे होती. येथील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पुढे पोर्ट टॅलबटला रस्त्यालगत पोलादाचा अजस्र कारखाना लागला. तो आपल्या टाटांचा, हे ऐकून अक्काने त्याच्याकडे जरा आपुलकीने पाहिले. त्यातील अखेरची झोतभट्टी पुढील वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरात, विझली. एक रात्र कारमार्दनजवळ विजेचा खांब असलेल्या जागी काढली, आणि बॅटरी काठोकाठ भरून घेतली.

वेल्समध्ये रस्त्यांवरील पाट्या दोन भाषांत आहेत. 'सावकाश' ह्या अर्थाचा वेल्श शब्द डांबरावरच मोठ्या अक्षरांत रंगविलेला असतो. त्याचा उच्चार 'अराव' असा करतात. पेम्ब्रुकशरमध्ये तर जिल्ह्याच्या पोटातूनच भाषेची एक सीमा जाते, तिला लँड्स्कर म्हणतात. कोठेही तारेचे कुंपण नाही, नकाशावर रेघ नाही, तरी शेकडो वर्षे दक्षिणेकडे इंग्रजी आणि उत्तरेकडे वेल्श असे चालत आले आहे. हॅव्हरफर्डवेस्टच्या बाजारात इंग्रजी ऐकली, आणि पाऊण तासाने सेंट डेव्हिड्सच्या दुकानात दोन वृद्धा वेल्शमध्ये बटाट्यांच्या भावावरून हुज्जत घालीत होत्या. बेळगावच्या बाजूचा माणूस असल्यामुळे मी तेथे गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळलो.

सेंट डेव्हिड्स हे ब्रिटनमधील सर्वांत लहान शहर. वस्ती दोन हजारांच्या आत. पण कॅथीड्रलमुळे १९९४ मध्ये राणीकडून त्याला शहराचा दर्जा मिळाला. ते कॅथीड्रल गावात शिरताना दिसतच नाही. ११८१ मध्ये आरंभिलेली ती जांभळट दगडाची वास्तू एका खोलगट दरीत बसविली आहे. वेशीतून ३९ पायऱ्या उतरून खाली जावे लागते. बाराव्या शतकापासून, येथे दोनदा येणे म्हणजे एकदा रोमला जाणे, अशी म्हण यात्रेकरूंत होती. आज ते अँग्लिकन मंदिर आहे. दाजी पायऱ्या सावकाश उतरले, आत थोडा वेळ बसले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "आता शेतावर चला. उजेड आहे तोवर."

शेतावर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य रॅमझी बेटाच्या बाजूला कलला होता. गाडीचे मागचे दार समुद्राकडे करून लावली. कड्याच्या काठावर पिवळी-जांभळी झुडपे, खाली राखी पाणी, आणि उपसागराच्या मध्यावर नांगर टाकलेली तीन जहाजे. दाजींनी दुर्बीण मागितली नाही. अंधार पडला तसे एकेका जहाजावर दिवे लागले. "नांगरावर असलं की पुढं एक पांढरा, मागं एक पांढरा," ते नातवाला सांगावे तसे मला सांगत होते, "आणि डेकवर सगळे. आम्ही तिथं बसून इकडं बघत होतो." भाच्याने आतील दिवे मालवले. बॅटरी वाचविण्यासाठी, असे तो म्हणाला.

रात्री वारा सुटला आणि गाडी थोडी हलू लागली. फ्रीज सुरू झाला की माझे डोळे उघडत. प्रत्येक वेळी त्या घरघरीच्या खाली यंत्राची फुसफूस ऐकू येई, आणि मागे पलंगावर अक्काने कूस बदलल्याचा आवाज. तीही जागीच होती. तीनच्या पुढे मात्र मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा शेगडीवर चहा होता. भाचा बॅटरीच्या पेटीपाशी गुडघे टेकून मीटर धरून होता. त्याने मान वर न करताच आकडा सांगितला : १२.४. दाजी मागच्या दारात, पाय बाहेर सोडून, घोंगडी पांघरून बसले होते. तीनांपैकी एक जहाज रात्रीतून आत बंदरात गेले होते.

"नाक कोरडं पडलंय," ते अक्काला म्हणाले. "चहा दे. आणि आजची रात्र इथंच ना?"